पाठीला मलम

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवा सकाळी मी मलम भिंतीला फासलं आणि तिच्यावर पाठ घासली. हसू नकोस. दोन्ही खांद्यांच्या मधोमध पुरळ उठलंय. तिथं हात वरूनही पोचत नाही, खालूनही नाही. डॉक्टरांनी विचारलं, लावून द्यायला घरी कुणी आहे ना. मी आहे म्हणालो. ही गेल्याला दोन वर्षं झाली, ते त्यांना सांगून काय करायचं? चिघळलं तर दवाखान्यात राहावं लागेल, असा दम मात्र त्यांनी भरलाय.

वर्तमानपत्रात माझं काम तेच, दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करायच्या. नेमकं याच आठवड्यात संपादकांनी नव्या मुलांसाठी ‘पाठ’ या शब्दावर टिपण मागितलं. मुलं तो जिथं तिथं वापरतात. प्रेक्षक नाटकाकडे पाठ फिरवतात, पाऊसही शहराकडे फिरवतो. पक्ष उमेदवाराच्या पाठीशी उभा राहतो, मंत्री अधिकाऱ्याची पाठराखण करतात, चौकशी कुणाची तरी पाठ सोडत नाही. जुने अंक चाळले. एवढ्या पाठींत खाजणारी एकही सापडली नाही.

रोज देवापुढे बसतो तेव्हा तुझ्या गुडघ्यांसाठी मागतो.

तुझा,
चिमण

९ मार्च

चि. चिमणास, अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग ताट बाजूला सारलं. अरे, मलम लावून भिंत बरी होणार आहे का? मी आले असते, पण जिना म्हटलं की गुडघे माझ्याआधी नाही म्हणतात.

तू माझ्या पाठचा. लहानपणी आंघोळीला तुझी पाठ मीच घासायची, तेव्हा ओरडून अख्खी आळी गोळा करायचास. आता एवढं दुखतंय तरी गप्प? देवाकडेही मागतोस ते माझ्यासाठी. भिंतीपलीकडे ते म्हातारे शिंपी राहतात ना, ज्यांच्या खोकल्याने तुला जाग येते? बायको गेल्यापासून तू कुणाचं दार वाजवलं नाहीस, ठाऊक आहे मला. त्यांचं वाजव. लाज वाटली तर माझं नाव सांग.

रागावलेली, म्हणजे नेहमीचीच,
ताई

१७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टिपण आवडलं म्हणून संपादकांनी माझी पाठ थोपटली, नेमकी पुरळावर. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

त्या संध्याकाळी मलम घेऊन शिंप्यांच्या दारापर्यंत गेलो नि परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर लोकांची वाक्यं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचं एक जुळवता येईना. आज सकाळी पलीकडे खोकला ऐकू आला. देवाचं नाव घेतलं आणि दार वाजवलं.

त्यांनी दार उघडलं. मलमाची ट्यूब हातातून घेतली, खुर्ची उजेडात ओढली, सदरा काढायला लावला. म्हणाले, जन्मभर पाठींची मापं घेतली, आता कुणी येत नाही. भिंतीवरची माझी घासाघास त्यांना ऐकू यायची. मी रोज भिंत पुसतोय असं समजून, ती कशासाठी हे विचारायला यावं असं त्यांनाही वाटे, पण धीर होत नसे.

त्यांची बोटं गार होती, ताई. ती संपादकांची थाप सोडली, तर दोन वर्षांत पाठीला माणसाचा हात लागला नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, ते बरं झालं.

निघताना ट्यूब त्यांच्याकडेच ठेवून आलो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
चिमण