ईस्टर झाला की निघायचं

२२ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास लागला. फादरांच्या झग्याचा रंग आता जांभळा. कपाटात जांभळे झगे तीन निघाले, त्यातला एक विटलेला. मी नेमका तोच बाहेर काढला. फादर म्हणाले, "तो नको. ताईंनी तो ठिगळांसाठी ठेवलाय." मला काय ठाऊक! चर्चमागची ही खोली अडतीस वर्षं माझ्या ताईच्या ताब्यात. झगे, पुस्तकं, मेणबत्त्या, सगळं तीच बघायची. तिला झटका येऊन आज बारा दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी येऊन पिशवी खाली ठेवतोय तोच फादरांनी चाव्यांचा जुडगा हातात दिला – "दुसरं कोणी मिळेपर्यंत." मी म्हटलं, ईस्टर झाला की निघणार. ते हो म्हणाले.

२६ फेब्रुवारी, रविवार

बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस मोजले. शेहेचाळीस भरतात, आणि सगळे म्हणतात चाळीस. बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं लावली. मोजण्यात मी चुकत नाही. कागद फादरांना दाखवला.

"रविवार धरायचे नाहीत हो. उपवासातसुद्धा रविवार आनंदाचाच."

सहा दिवस सरळ उडवले! डेपोत असं केलं असतं तर चौकशी लागली असती.

संध्याकाळी ताईला हे सांगितलं. भिंतीकडे बघत राहिली. तिला सांभाळायला ठेवलेली दिवसाची बाई तिचे केस विंचरते तेव्हा मात्र हसते – अर्ध्या तोंडाने का होईना, हसते.

५ मार्च, रविवार

डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. शब्दही येतील, एकेक करून. कधी, ते नाही सांगता येत."

आईला मातीआड केलं तेव्हा मी नव्हतो. त्या दिवशी डेपोत नवं वेळापत्रक सुरू व्हायचं होतं. पहिल्या गाड्या सुटल्या की निघू, असं ठरवलं. पोचलो तेव्हा लोक परतत होते. ताई दारातच उभी होती. "तुझ्या बस निघाल्या ना वेळेवर?" एवढंच बोलली. त्यानंतर आठ वर्षं एक शब्द नाही. पत्रांना उत्तर नाही.

आता मी तिच्या खाटेशी बसतो आणि ती गप्प असते. हे दुखणं की तोच अबोला? कोणाला विचारणार. तिलाच विचारायचं, आणि ती तर बोलत नाही.

१९ मार्च, रविवार

गुलाबी! वर्षातून दोनदाच निघतो म्हणे. फादर सहा फुटी, वर झुपकेदार मिशा. आरशासमोर थांबलेच नाहीत. "दोनच रविवार आहेत, सहन करा," मला म्हणाले.

२३ मार्च, गुरुवार

ईस्टर दरवर्षी का हलतो, ते आज समजून घेतलं. एकवीस मार्च धरायचा, त्यानंतरची पौर्णिमा बघायची, तिच्यानंतरचा रविवार. म्हणजे चंद्र आल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि ती गाडी हलली की मागचे चाळीस दिवस हलणार, पुढचेही सगळे. नाताळ मात्र जागचा हलत नाही. असल्या वेळापत्रकावर मी सही केली नसती. पण शेकडो वर्षं चाललंय, कोणाची गाडी चुकली नाही.

ताईला सांगताना वाटलं, ती ऐकते आहे. कदाचित खिडकीतून येणारा आवाज ऐकत असेल.

७ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस. वेदीवरचं सगळं कालच काढलं. कापड नाही, मेणबत्ती नाही, फूल नाही. आज रोजची मिस्साची उपासनाही नाही. दुपारची प्रार्थना झाली, लोक न बोलता घरी गेले.

मी रिकाम्या बाकावर बसलो. मुद्दाम मोकळा ठेवलेला दिवस. मला कधी सुचलं नसतं हे. मोकळी वेळ दिसली की मी जादा फेरी घालायचो. कोणी गेलं तर त्या दिवशी बाकी सगळं थांबवायचं, इतकं साधं! ते मला जमलं नाही.

ताईला हे सांगायचं होतं. उशी नीट केली आणि उठलो.

१० एप्रिल, सोमवार

घोळ घातला. काल सण झाला म्हणून सकाळी सगळं आवरलं. फुलं उचलली, सणाचा पांढरा झगा कपाटात, साध्या दिवसांचा हिरवा बाहेर. डेपोतही सणाच्या जादा गाड्या दुसऱ्या दिवशी बंदच व्हायच्या.

फादर हिरव्याकडे बघत राहिले. "हे काय?"

"ईस्टर संपला ना."

"संपला? कालच तर लागला! पन्नास दिवस चालतो. दुःखाला चाळीस, आनंदाला पन्नास."

"मग मी निघायचं कधी?"

"ईस्टर झाला की. तुम्हीच म्हणाला होता."

फुलं परत आणून मांडली. ताईला सगळं सांगितलं. तिने तोंड फिरवलं, खांदा हलायला लागला. मला वाटलं, रडते आहे. दिवसाची बाई म्हणाली, "हसतायत त्या." खरं काय, देव जाणे.

११ मे, गुरुवार

पांढरा. ताईने डाव्या हाताने पेला धरला. माझ्याकडून नाही, बाईकडून.

२८ मे, रविवार

लाल. पन्नासावा दिवस. मोजले, या खेपेला बरोबर भरले. ईस्टर आता खरोखर झाला. फादरांना एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या आहेत, शुक्रवारपासून येतील. माझं गुरुवारचं तिकीट काढलं. ताईला म्हटलं, "निघतो आता. तुझ्या कपाटाची वाट लावली असेल तर माफ कर. आणि आईच्या वेळचंही." तिने डोळे मिटून घेतले. बराच वेळ उघडले नाहीत. तेव्हा कळलं. दुखणं नव्हे, अबोलाच.

३० मे, मंगळवार

तिला शेवटचा हिशोब द्यावा म्हणून सांगत होतो – हिरवा लागला, आता नाताळच्या आधीपर्यंत शांतता, येत्या रविवारचाही हिरवा बाहेर काढून ठेवलाय. ताईने माझी बाही धरली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"पांढरा."

धावत जाऊन पुस्तक बघितलं. रविवारी पवित्र त्रैक्याचा सण. पांढराच! परत आलो तर दाराकडे बघत होती. बाही पुन्हा धरली. अजून सोडलेली नाही. हे डाव्या हाताने लिहितो आहे.