सोफ्याचं दुसरं टोक

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. ट्रंक, दोन पिशव्या आणि माझी पाठदुखी, सगळं सुखरूप पोचलं.

खोल्या बऱ्या आहेत. खरं तर चांगल्या आहेत, पण पहिल्याच दिवशी चांगल्या म्हटलं तर ठकीला वाटेल दादाला ताप आलाय. दुसरा मजला, बैठकीच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीसमोर कुठल्याशा गोदामाचं पत्र्याचं छप्पर. स्वयंपाकघर एवढंसं, की मी आत शिरलो तर भांड्यांनी बाहेर यावं. घरमालकानं टीव्ही आणि एक लांबलचक हिरवा सोफा ठेवून दिलाय. त्यावर तिघं ऐसपैस बसतील. मी एकटाच, तेव्हा पाय पसरून बसणार.

कामाची जागा पाहून आलो. कवळ्या बनवण्याची प्रयोगशाळा, आमच्या जुन्या गावातल्या खुराड्याच्या चौपट. मालकीणबाईंनी मला उजेडाचं टेबल दिलं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्यांचे चणे भरपूर असतात, दातांचीच बोंब.

मग ठकीला फोन. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण, खरं नाव फक्त कागदपत्रांपुरतं. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघं बिनलग्नाची भावंडं एका घरात राहिलो, रोज संध्याकाळी एक सिनेमा पाहिला आणि त्यावर भांडलो. जुनी प्रयोगशाळा बंद पडली म्हणून मी इकडे आलो. तिची शाळेतली नोकरी तिकडे. सिनेमाचं काय करायचं, याच्यावर तिनं तोडगा काढलाय. दोघांनी आपापल्या घरी एकाच वेळी एकच सिनेमा लावायचा, फोन स्पीकरवर ठेवून शेजारी टाकायचा. कशी आहेस, जेवलास का, असल्या चौकशांना बंदी, नाहीतर सिनेमा राहतो बाजूला. बोलायचं ते सिनेमावरच.

युक्ती झकास आहे, पण तसं मी तिला सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर

पहिला सिनेमा. नायक लाकूडतोड्या. वर्षानुवर्षं जंगलात, दाढी छातीपर्यंत, झोपायला पाला. आणि हसला की काय ती दंतपंक्ती! असली कवळी माझ्या हातून झाली तर मी ती काचेच्या कपाटात ठेवीन. एवढा वेळ लाकडं तोडण्याऐवजी हा दातच घासत बसला असणार. ठकी म्हणाली, की तुला माणसाचं दुःख दिसत नाही, फक्त तोंड दिसतं. मी म्हटलं, दुःख तोंडावरच तर दिसतं.

शेवटी ती रडली. तिला दूध उतू गेलं तरी रडू येतं. मी रडत नाही. वडील गेले तेव्हाही नव्हतो रडलो, हे तिनं आजही ऐकवलं.

९ नोव्हेंबर

आज भुताचा सिनेमा. निव्वळ पोरकटपणा. भूत यायचं झालं की दार करकरतं, वारा सुटतो, दिवा फडफडतो. अरे, भूत जर एवढं बेरकी, तर असा गावभर बोभाटा करत कशाला येईल? बिजागरीला दोन थेंब तेल घातलं असतं तर अर्धा सिनेमा बंद पडला असता. ठकी मात्र उशी तोंडावर धरून बसली होती. ते मला फोनवरूनही कळतं.

सिनेमा संपला की ती फोन ठेवते आणि ही खोली एकदम मोठी होते. जुन्या घरात सिनेमा संपल्यावरही भांडण स्वयंपाकघरापर्यंत चालायचं. इथं मी एकटाच उठतो आणि एकट्याचा कप विसळतो. आपल्याला एकटं वाटतं, हे या वयात लिहायला लाज वाटते. पण वाटतं.

१२ नोव्हेंबर

फार मजा आली. बोटीवरच्या म्हाताऱ्या कप्तानाचा सिनेमा; सिनेमा यथातथाच, कप्तानाची मिशी त्याच्यापेक्षा चांगली. मजा आली ती ठकीमुळे. आज तिनं एकदाही मला झापलं नाही. उलट खोदून खोदून विचारत होती. इथं का हसलास? त्या बाईचा तुला राग का आला? तोच शब्द पुन्हा म्हण ना. मी आपला बोलतोय, बोलतोय. माझ्या मताला आयुष्यात एवढा भाव कुणी दिला नव्हता.

१३ नोव्हेंबर

सकाळी एका अनोळखी नंबरावरून ठकीचा फोन. शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा फोन मागून केला होता. माझी माफी मागत होती. काल दुपारी तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला, तो दुरुस्तीला दिलाय. त्यामुळे काल सिनेमाला येता आलं नाही, तू वाट पाहत बसला असशील.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग फोन तपासला. काल संध्याकाळी माझ्याकडून कुणाला फोन गेलेला नाही, कुणाचा आलेला नाही.

डुलकी लागली असणार. दिवसभर मेण आणि प्लास्टर हुंगून डोकं जड होतंच. स्वप्नात बहीण दिसली, एवढंच.

१५ नोव्हेंबर

ठकीचा फोन अजून दुरुस्तीतच. मी एकटाच सिनेमा लावला. माझा फोन मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला, दारही लावून घेतलं.

नायक पडद्यावर आला. मी तोंड उघडायच्या आत सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ठकीचा आवाज आला, की दात बघ याचे.

वळून पाहिलं. कुणी नाही. दार करकरलं नाही, दिवा हलला नाही. फक्त त्या टोकाची गादी दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तशी.

मी पळून जायला हवं होतं. खरं तेच लिहितो: मी पळालो नाही. मी म्हणालो, हो ना, खोटेच आहेत. आणि आम्ही सिनेमा पाहिला.

१८ नोव्हेंबर

ठकीचा फोन दुरुस्त होऊन आला, तर मीच तिला सांगितलं की कामाचा ताण आहे, दोनतीन दिवस सिनेमा नको. तिला खोटं सांगितलं. तिकडं ती एकटी बसली असेल आणि इकडं मला सोबत मिळाली होती. शरम वाटते.

सोफ्यावरचं ते आता सिनेमाबद्दल फार विचारत नाही. पडद्यावर आई दिसली की विचारतं, तुमची आई तुला काय म्हणायची? भांडण दिसलं की विचारतं, तू चिडलास की बहिणीशी किती वेळ अबोला धरतोस? मग समजूत कशी काढतोस? मी सांगत गेलो. सिनेमा बघता बघता माणूस किती बोलून जातो, हे त्या वेळी कळत नाही.

आवाज अजून ठकीचाच आहे. पण आज मधूनच तो जरा जाडा लागला.

२० नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. म्हणाले, तुमचा टीव्ही दुपारीसुद्धा चालू असतो, बोलण्याचाही आवाज येतो; मोठ्यानं बोलता, पण बोलता छान.

दुपारी मी प्रयोगशाळेत असतो.

आज टीव्ही लावलाच नाही. गादी तरीही दबलेली होती.

२१ नोव्हेंबर

न राहवून ठकीला फोन केला. माझी हाक ऐकूनच हसायला लागली. म्हणाली, कालचा सिनेमा काय सुंदर होता! आणि दादा, तू चक्क रडलास. तुला रडताना ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं.

काल मी तिला फोन केला नव्हता. काल मी सिनेमाच पाहिला नव्हता.

मी म्हटलं, ठके, तो मी नव्हे. तर म्हणाली, पुरे झाली थट्टा. मग हळूच म्हणाली, की हल्ली तू किती मायेनं बोलतोस, असाच राहा.

मला घाम फुटला. आणि त्या घामातही एक मनाला लागलं, ते लागलंच. असं ती मला कधी म्हणाली नव्हती.

२२ नोव्हेंबर

सिनेमाच्या वेळेला प्रयोगशाळेतूनच तिला फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

तसाच घरी धावलो. जिन्यातूनच ऐकू आलं. माझा आवाज. माझी मतं, माझेच शब्द, तो कवळीचा विनोदसुद्धा. फक्त त्यात कडवटपणा नव्हता. शेवटी तो म्हणाला, ठके, मी तिथं असताना तुला फार टोचून बोललो गं.

हे मला बोलायचं होतं. इतकी वर्षं जमलं नव्हतं.

कुलूप उघडून आत गेलो. टीव्ही चालू. सोफ्यावर कुणी नाही. जिथं मी बसतो ती जागा कोमट होती.

२३ नोव्हेंबर

ठकीला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. लपवलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की दादानं मला बजावलंच होतं, कुणीतरी माझा आवाज काढून फोन करेल म्हणून.

मी म्हटलं, विचार, फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं काहीही विचार. आई मला काय म्हणायची, अबोला कसा सुटायचा, विचार! ती म्हणाली, हे सगळं दादानं कालच आठवण काढून सांगितलं, त्यात नवं काय?

सगळं मीच दिलंय त्याला. सोफ्यावर पाय पसरून, हसत हसत.

शेवटी ओरडलो तिच्यावर. चूक झाली. ती म्हणाली, माझा दादा असा ओरडत नाही.

ओरडायचो गं. मीच ओरडायचो.

२४ नोव्हेंबर

आवाज बसलाय. मालकीणबाईंना हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा मारली. त्या माझ्या टेबलाकडे पाहून दुसऱ्या कारागिराला म्हणाल्या, की ही जागा तू घे. इथं बसायचे त्यांनी फोन करून नोकरी सोडत असल्याचं कळवलंय. बोलले मात्र फार चांगले.

मी समोर उभा होतो. हातात मेणाचा साचा होता.

२५ नोव्हेंबर

गाडीच्या स्टँडवर गेलो. ठकीकडे जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं. डोळ्यांनी पाहिल्यावर तरी—

तिकीट मागितलं. खिडकीतल्या माणसानं माझ्या मागच्याला विचारलं, कुठं जायचंय.

चढलो असतो तसाच. पण ठकीला फोन लावला होता, ती उचलून बोलली. माझं बोलणं तिला ऐकू गेलं नाही, तिचं मात्र मी ऐकलं. शेजारणीला सांगत होती, की दादानं बोलावलंय, उद्या निघतेय, आता तिकडेच राहणार, एकत्र सिनेमे बघणार. किती आनंदात होती.

परत आलो. मला इथंच थांबायला हवं. ती येईल तेव्हा मी दारात हवा.

२६ नोव्हेंबर

तो आता विचारत नाही मला काही. माझ्याशी बोलतच नाही. टीव्हीशी बोलतो. मला वाटतं तेच बोलतो, माझ्या आधी. मग मला काय वाटतं ते मला—

आवडला का मला हा सिनेमा? आठवत नाही. विचार करायला लागलो की तिकडून उत्तर येतं.

ठकी, येऊ नकोस. एवढं एक अजून माझं आहे. येऊ नकोस.

२७ नोव्हेंबर

जिन्यावर तिची पावलं. दारात उभा राहिलो. हाक मारली— नुसती हवा—

दार उघडलं. मी नाही उघडलं. माझ्या मागून माझा आवाज म्हणाला, आलीस का गं, दमली असशील.

ती हसली. भिंतीला चिकटलो, तिला वाट दिली. शेजारून गेली. तिच्या केसांचा वास—

बोलताहेत. तिला कोण दिसतं तिथं? मला तर त्या टोकाला फक्त दबलेली गादी—

मी माझ्या टोकाला बसलोय. लिहितोय. वही तिच्या तोंडासमोर धरली. ती आरपार टीव्हीकडे—

सांगतेय त्याला, की भीती वाटायची रे, तो माणूस फोन करून ओरडायचा. तो म्हणतो, आता नाही करणार. तिनं डोळे पुसले. किती निवांत दिसतेय. इतकी निवांत ती माझ्याजवळ कधी—

तो म्हणाला, बस ना, उभी का. ती बसायला वळली. इकडे. या टोकाला. ठके, अगं इथं नको, इथं मी आहे, इथं मी ब—