नाव भिंतीकडे

प्रिय ताई,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंसुलटं करून पाहशील आणि भाऊजींना म्हणशील, हिचा फोन मोडला की काय! फोन ठणठणीत आहे. पण फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत हवापाण्यावर येतो आणि सहाव्या मिनिटाला तुझ्या कुकरची शिट्टी होते. किती वर्षं असंच चाललंय. मला जे सांगायचंय ते शिट्टीच्या आत उरकणारं नाही. तेव्हा चष्मा लाव, आणि बसून वाच. उभ्याउभ्या नको.

माझी नोकरी तुला कधी धड कळली नाही, आणि मीही कधी धड सांगितली नाही. आमची रंगाची कंपनी नफ्यातला काही वाटा लोकांच्या आरोग्यासाठी बाजूला काढते. तो कुणाला द्यायचा आणि दिल्यावर नीट वापरला जातो की नाही, हे मी बघते. ऑफिसात मला मागून ‘कात्री’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेला तपासणीची गाडी घेऊन दिली. छोट्या बसएवढी, आत बायकांच्या छातीची तपासणी करायचं यंत्र, एक सिस्टर आणि एक ड्रायव्हर. रंगाची कंपनी म्हटल्यावर रंगात हात आखडता कोण घेणार? गाडी भडक नारिंगी, आणि तिच्या एका बाजूवर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी’. त्याखाली, त्याहूनही मोठं, आमचं नाव. ती अक्षरं मीच पसंत केली होती. लांबून दिसली पाहिजेत, हा हट्टही माझाच. का, ते पुढे सांगते.

करारात अट अशी की संस्थेने पाठवलेल्या प्रत्येक फोटोत आमचं नाव दिसायला हवं. आणि गेली दोन वर्षं जे फोटो येत होते त्यांत गाडीचं चाक होतं, दार होतं, नुसती भिंतही होती. नाव म्हणशील तर एकाही फोटोत नाही. साहेबांचा पारा चढला. आपण देतो ते कुणाला कळतच नसेल तर द्यायचं कशाला, म्हणाले. तू जाऊन बघ, आणि पटलं नाही तर पुढच्या वर्षीचं अनुदान बंद. मग काय, मी न कळवता थडकले.

गाडी चौकात उभी असायला हवी होती. ती सापडली मागच्या गल्लीत, एका लाँड्रीच्या पिछाडीला. भिंतीला इतकी चिकटून की मधून मांजरसुद्धा गेलं नसतं. नाव भिंतीकडे! रस्त्याकडच्या बाजूला डोळे तपासायचा तक्ता टांगलेला, वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली अक्षरं, आणि शेजारी हाताने लिहिलेली पाटी, ‘चष्म्याचा नंबर पाहून मिळेल’. दारात एकही बाई नाही. ड्रायव्हर स्टुलावर बसून कसलीशी दोरी गुंडाळत होता. पन्नाशी उलटलेला, कानावर पेन्सिल, पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. मी समोरच्या पायरीवर बैठक मारली, फॉर्म काढला आणि ‘प्रतिसाद’ या रकान्यात शाईने लिहिलं, ‘शून्य’. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. कुणाची चूक सापडली की मला बरं वाटतं, हे तुला माझ्या शाळेपासून माहीत आहे.

मग त्याने ती दोरी दाराला बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. प्रत्येकावर रंगाने आकडा. थोड्या वेळाने एक बाई आली. तक्त्यावरच्या दोन ओळी तिने मोठ्याने वाचल्या, त्याने मान डोलावली, एक चिमटा काढून तिच्या पिशवीत टाकला, आणि ती बाजारात निघून गेली. दुसरी आली, तिनेही वाचलं, तीही गेली. पाळी येईल त्या आकड्याचा पुठ्ठा तो दारावरच्या खिळ्याला अडकवत होता. कोपऱ्यावर कांदे निवडत असलेली एखादी बाई लांबूनच तो आकडा बघायची, शांतपणे यायची आणि मागच्या दाराने आत जायची. कुणी कुणाशेजारी उभं नाही, कुणाच्या नावाचा पुकारा नाही. दुपारपर्यंत सव्वीस चिमटे गेले. रांग दिसत नाही म्हणजे माणूसच नाही, असं मी धरून चालले होते. रांग त्याने अख्ख्या बाजारात पसरून ठेवली होती.

सिस्टरने मला पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. तेव्हा गाडी चौकात, नाव रस्त्याकडे, सगळं नियमात. बायका लांबून ती अक्षरं वाचायच्या आणि पलीकडच्या फुटपाथवरून जायच्या. एक धीर करून आली, तर उतरताना शेजारणीने भर रस्त्यात विचारलं, काय गं, तुला तो आजार झाला की काय? ती परत रिपोर्ट घ्यायला आलीच नाही. शेवटी ड्रायव्हर तिच्या घरी गेला आणि दारातून ओरडला, “बाई, तुमचा चष्मा तयार आहे!” ती बाहेर आली, तेव्हा हळूच पाकीट हातात दिलं. तिच्यावर वेळेत उपचार झाले, आता धडधाकट आहे. तिच्या घरी जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडी फिरवून लावायला सुरुवात केली. तक्ता त्याने स्वतः आणला. आणि ती नुसती थाप नाही हं. आत सिस्टर खरंच नंबर काढून चिठ्ठी देते. घरी कुणी विचारलं तर बाईला खोटं बोलावं लागू नये म्हणून.

ताई, मी त्या पायरीवर थक्क होऊन बसून राहिले. आम्ही दहा जणांनी सहा महिने बैठका घेतल्या होत्या. जनजागृती कशी करायची यावर मी स्वतः चाळीस पानं लिहिली होती. त्यांत एकाही ठिकाणी हे नव्हतं की बाईला आधी आडोसा लागतो. हे या माणसाला कुणी शिकवलं? मी विचारलं तर म्हणाला, “शिकवायचंय काय त्यात? माझं काम आरशात बघायचं. लोक मागे कसे वागतात ते दिसतं.” आयुष्यात फार थोड्या माणसांपुढे मला लहान झाल्यासारखं वाटलंय. त्यांत आता हा एक.

आणि तिथेच मला आईचा गुरुवार आठवला. दर गुरुवारी तुम्ही दोघी शिंप्याकडे जायचात. मी सतरा वर्षांची, फुरंगटून म्हणायचे, इतके कपडे शिवायला टाकता आणि घरात एक नवा दिसत नाही. आई हसायची. ती गेल्यावर मला कळलं की शिंपी नव्हताच कुठे, दवाखाना होता. मी दारात उभी राहून तुला म्हटलं होतं की तू मला दर गुरुवारी फसवलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू आईच्या साड्यांच्या घड्या घालत राहिलीस. तेव्हापासून आपलं हे हवापाणी. आणि तेव्हापासून माझं डोकं एकाच दिशेने चाललं: त्या आजाराचं नाव इतकं मोठ्याने सांगायचं, इतकं मोठं रंगवायचं, की पुन्हा कुठल्याच घरात कुणी लपवणार नाही. गाडीवरची अक्षरं हातभर का झाली, ते आता तुला कळलं असेल.

निघताना मी उगाच गाडीला दोन-तीन फेऱ्या मारल्या. चाकं बघितली, टायर बघितले, टायरमधलं मला काय कळतं! ड्रायव्हर दोरी सोडवत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मॅडम, सकाळी तुमची पर्स डाव्या खांद्यावर होती. मग उजव्या झाली. दुपारपासून हातात आहे.” मी पर्स पाठीमागे धरली. मग तो म्हणाला, “पुढच्या वर्षी गाडी असेल की नसेल, ते तुमच्या हातात. आजची मात्र उभी आहे.” आणि पुन्हा दोरीला लागला.

ऑफिसात येऊन मी शाईने लिहिलेलं ‘शून्य’ खोडलं. पुसता येत नव्हतं, म्हणून खोडलेलंच राहू दिलं आणि त्यापुढे सगळं लिहिलं, चिमट्यांसकट. फोटोत नाव दिसण्याची अट काढून टाका, अशी शिफारस केली. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग आपलं नाव दिसणार कुठे? मी म्हटलं, आत छताला लिहू या, टेबलावर झोपलेल्या बाईला वर बघायला काहीतरी हवंच असतं. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. एका वर्षाची सही झाली आहे.

छत मी पाहिलं होतं, ताई. त्या दिवशीचा सत्तावीसवा चिमटा मी घेतला. मला डाव्या बाजूला गाठ लागून पाच महिने झाले होते, आणि मी, जगाला जागं करायची नोकरी करणारी, पाच महिने खांदा बदलून पर्स घेत होते. सिस्टरने हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग तपासलं. एका जागी ते थांबले. यंत्रानेही तीच जागा दाखवली. येत्या गुरुवारी मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासणार आहेत. दिवस मी नाही निवडला, त्यांनीच दिला. आईने मला का सांगितलं नाही ते मला आता कळतंय, आणि ते सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर कसं पडलं असेल, तेही. इतकी वर्षं उशीर झाला, मला माफ कर. अजून कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त तुला. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन. भाऊजींनी विचारलं, कुठे निघालीस, तर सांग, धाकटीबरोबर शिंप्याकडे जायचंय.

तुझीच,
धाकटी