पोथ्यांची खोली

सौ. दीदीस शशिनाथचा साष्टांग नमस्कार.

कोसी नदीच्या पुरात आमची संस्कृत पाठशाळा छावणी झाली. तुझ्या गरोदर लेकीला, सुनैनाला, मीच इथे आणलं. नर्सबाई म्हणाल्या, "पंडितजी, पोथ्यांना कळा येत नाहीत. ती बंद खोली बायकांना द्या." मी बाळंतपणाचा विटाळ समजावला, तोही श्लोकासकट, आणि व्हरांडा दिला. तिथे पुरुषांसमोर लाजून पोरीने रक्त जातंय हे दिवसभर लपवलं. सुनैना वाचली, बाळ गेलं. तुला मी 'दैवेच्छा' असं कळवलं. शब्द तेवढा शुद्ध होता.

लहानपणी तू मला पोथीतला किडा म्हणायचीस. तेव्हा राग यायचा.

आता त्या खोलीत बाळंतिणी आहेत आणि पोथ्या व्हरांड्यात भिजताहेत. हे पत्रही त्यांतच ठेवतो.

तुझा अपराधी भाऊ