ठसा न उमटणारं जनावर

॥ श्री ॥

आंबेशेत, ५ नोव्हेंबर २००१

चि. सुजीत यास बाबांचे अनेक आशीर्वाद. सौ. अस्मिता आणि चि. शुभ्रा यांनाही.

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं होतं. छत्तीस वर्षं मुंबईच्या टपाल खात्यात लोकांची पत्रं निवडली, त्यामुळे पाकीट हातात घेतलं की आत किती मजकूर आहे ते मला कळतं. सगळे मजेत, काम खूप, शारजाहून दुबईला जाण्यायेण्यात तीन तास मोडतात, तब्येत सांभाळा. सांभाळतो आहे.

आत्ता दिवेलागण झाली आहे. ठकुबाई माझी भाकरी झाकून नुकतीच तिच्या घरी गेली. जाताना बजावून गेली की अंधाराचं मागल्या दारी जाऊ नका, जनावर येतं. ती उगीच घाबरणारी बाई नव्हे. गेला महिनाभर काजूच्या बागेत एक जनावर फिरतंय. मी दोनदा पाहिलं. चांगलं भरलेलं आहे. परवा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होतं. माझी चाहूल लागली तरी हललं नाही, मीच मागे सरलो. रान आपल्या कुंपणाला लागून आहे, तेव्हा त्याच्या हिशेबी पाहुणा मीच.

तुला सवड झाली तर एक चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आठ नंबरचे, कोणाबरोबर तरी पाठव. इथले एका पावसात फाटतात. घाई नाही.

कळावे. लोभ आहेच, पण कागद थोडा जास्त वापरलास तरी चालेल.

आशीर्वादक,
बाबा

*

शारजा, २० नोव्हेंबर २००१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. बागेत जनावर फिरतंय, खुराड्यापर्यंत येतंय, माणसाला भीत नाही, आणि तुम्ही माझ्याकडे बूट मागता. बाबा, बिबट्या बूट बघून पळत नाही. जुन्नरकडच्या बातम्या मी इथे पेपरात वाचतो. उसातून येतो आणि माणूस ओढून नेतो. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, एकटे, शेजारचं घर हाकेच्याही पलीकडे. आई गेल्यावर मी तुम्हाला इकडे बोलावलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात की वाळूत मला झोप येणार नाही. आता झोप माझी गेली आहे.

आमच्या स्टोअरला हमीदभाई म्हणून आहेत. पेशावरकडचे, फौजेतून रिटायर झालेले, शिकारीतले दर्दी. लंच-ब्रेकमध्ये त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न हा की जनावर कोणतं. मी बिबट्या म्हटलं. ते म्हणाले, लांब बंदूक म्हातारा माणूस चोवीस तास खांद्यावर बाळगणार नाही. ज्या दिवशी जनावर येईल त्या दिवशी ती खुंटीला टांगलेली असेल. हत्यार असं हवं की ते कमरेला आहे हे माणसाने विसरावं. म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. त्यातलं कोणतं, ते आम्ही ठरवतो. तुम्ही लायसन्सचा अर्ज तेवढा आणून ठेवा. रानटी जनावरापासून जिवाला धोका असेल तर मिळतं म्हणतात.

हमीदभाईंनी विचारलंय की पंजाचा ठसा केवढा आहे. मोजून कळवा. शुभ्राला हे कळल्यावर तिने इंग्रजीत विचारलं की आजोबांनी वाघ पाळलाय का. बूट आणि बॅटरी मे महिन्यात येताना मी स्वतः आणीन, ते काही मोठं काम नाही. तोवर संध्याकाळी दार लावून घरात बसा.

तुमचा लोभ आहे म्हणून रागावतो, तो तसाच ठेवा.

तुमचा
सुजीत

*

आंबेशेत, ६ डिसेंबर २००१

चि. सुजीत यास अनेक आशीर्वाद.

आज पोस्टमन पायऱ्या चढून वर आला. एरवी खालूनच हाक मारतो. पाकीट जड होतं, तिकिटंही जास्तीची लावलेली. पाठपोट भरलेला कागद पाहून आधी वाटलं की काही वाईट बातमी आहे. चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग शेजारच्या गिरिजाबाई शाळा सुटल्यावर आल्या, त्यांना वाचून दाखवलं. त्या इथल्या शाळेत शिकवतात, माझी पत्रं टपालात टाकतात. त्या हसायला लागल्या आणि काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांना चहा दिला.

ठसा मोजायला गेलो होतो. ठसा नाही. या जनावराचा ठसा उमटत नाही. काजूचा पाला सगळीकडे पडलेला आहे, त्यात ते बसलं की दिसतच नाही. रंग थेट पाल्याचा.

अर्जाचा कागद गिरिजाबाईंनी तालुक्याहून आणून दिला. आता तू मला नीट समजावून सांग की रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत फरक काय. मी आयुष्यात शिक्का मारायच्या हातोडीपलीकडे हत्यार धरलेलं नाही. घाईने लिहू नकोस, सविस्तर लिही. हमीदभाईंना माझा सलाम सांग. माणूस शहाणा दिसतो, पहिला प्रश्न त्याने बरोबर विचारला.

बुटांचं कोणी येणारं-जाणारं मिळालं तर बघ. नाही तर राहू दे.

मायेत कमी पडू देऊ नकोस, पाल्हाळातही नको.

बाबा

*

शारजा, २२ डिसेंबर २००१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी हमीदभाई मला शूटिंग रेंजवर घेऊन गेले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा गोळी झाडली. कानाला मफ लावूनही दचकलो. पिस्तूल चपटं, हातात छान बसतं, गोळ्या दांड्यात भरायच्या. पण हमीदभाई म्हणतात, कोकणच्या दमट हवेत तेलपाणी रोज केलं नाही तर ऐन वेळी गोळी अडकते आणि मग दोन्ही हातांनी खटपट करावी लागते. तेवढा वेळ जनावर देत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये गोल फिरणारी पेटी असते, सहा घरांची. एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची आपोआप समोर येते. चाप मात्र जड असतो. तुमचं बोट अजून तेवढं चालतं ना? शिक्के मारून मारून तुमच्या मनगटाला जोर आहे हे मी त्यांना सांगितलं.

तिसरी गोष्ट गोळीची. बावीस बोअरची गोळी लहान, बिबट्या जास्तच चवताळेल. आपल्याकडे साध्या माणसाला बत्तीसच्या वर सहसा मिळत नाही, तेव्हा बत्तीस. हमीदभाईंनी बजावलं की पाच-सहा पावलांवर आल्याशिवाय झाडायची नाही, आणि पहिली हवेत झाडायची. निम्मं काम आवाज करतो. ठसा उमटत नाही हे ऐकून त्यांनी हातातलं पिस्तूल खाली ठेवलं. मग म्हणाले, बेटा, वालिद साहब से फिर पूछो, जानवर कौन सा है. मी म्हटलं, जमीन सुकी आहे, दुसरं काय.

बाबा, खरं सांगू? तुमच्याशी एवढं बोललोय असं मला आठवत नाही. शाळेत असताना मार्कांपलीकडे आपलं बोलणं नव्हतं आणि नोकरीला लागल्यावर तब्येतीपलीकडे. अस्मिता म्हणते, नवरा रोज ऑफिसातून आला की वहीत रिव्हॉल्व्हरची चित्रं काढतो. त्यातली दोन सोबत पाठवतोय.

उलट टपाली लिहा, तुमचं अक्षर दिसलं की बरं वाटतं.

सुजीत

*

आंबेशेत, ७ जानेवारी २००२

चि. सुजीत यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चित्रं फार सुरेख काढली आहेस. तुझ्या आईने पाहिली असती तर तिने देवघरात लावली असती, रिव्हॉल्व्हर असलं तरी.

बोट चालतं. मनगटही चालतं. म्यान कमरेला डावीकडे बांधायचं की उजवीकडे, ते विचारायचं राहिलं. धोतरावर ते कसं बांधतात याचाही हमीदभाईंशी विचारविनिमय कर. आणि मुलीला मराठीत दोन ओळी लिहायला सांग, वाघाबद्दल चालतील.

जनावर आहे. ठकुबाई रोज लाकडं उचलण्याआधी काठी आपटते. काजूला मोहर चांगला आला आहे.

जास्त काय लिहू, तू लिही.

बाबा

*

शारजा, २४ जानेवारी २००२

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ठरलं. बत्तीस बोअर, रिव्हॉल्व्हर, आखूड नळी, सरकारी कारखान्याचं. वजन पाऊण किलो. म्यान उजवीकडे, चामड्याच्या पट्ट्यावर. पट्टा धोतरावरून बांधायचा, असं आमच्या इथल्या भरसभेत ठरलं. मे महिन्यात मी येतो, आपण दोघे मिळून जाऊन घेऊ. तोवर अर्ज भरून द्या.

बूट आणि बॅटरी मी नोव्हेंबरातच घेऊन ठेवली आहेत. गाडीच्या डिकीत आहेत. मागच्या आठवड्यात ऑफिसचा एक जण सावंतवाडीला गेला, त्याच्याबरोबर देणार होतो, पण म्हटलं, सगळं एकदम तुमच्या हातात ठेवावं. पायात नवे बूट, हातात बॅटरी, कमरेला रिव्हॉल्व्हर, असा तुमचा फोटो काढायचा आहे. शुभ्राच्या दोन ओळी सोबत आहेत, वेलांट्या माफ करा.

माया आहे ती कागदावर मावत नाही, म्हणून मेपर्यंत थांबतो.

सुजीत

*

आंबेशेत, १४ मार्च २००२

श्री. सुजीतराव यांस,
गिरिजाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही दिवसकार्य आटोपून परत गेलात, त्याला आज तीन आठवडे झाले. त्या दिवसांत मला एकदाच विचारलंत की घोणस म्हणजे कशी असते, आणि मी सांगितल्यावर उठून बागेत गेलात. पुढचं आज लिहिते.

काल ठकुबाई तांदळाचा डबा रिकामा करत होती. तळाशी एक पिशवी निघाली. तुमची दोन्ही जाड पत्रं, अर्जाचा कोरा कागद, आणि हे अर्धं राहिलेलं पत्र. तुमच्या बाबांनी ते २ फेब्रुवारीला दुपारी लिहायला घेतलं होतं. त्याच संध्याकाळी काजूच्या पाल्यात त्यांच्या पायाला दंश झाला. गाडी यायला दीड तास लागला, हे तुम्हाला माहीत आहे. गाडीत शुद्ध असेपर्यंत ते एवढंच म्हणत होते की सुजीतला लगेच कळवू नका, त्याचं पत्र यायचं आहे. तुमचं २४ तारखेचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

ठकुबाई सारखी म्हणते की मी साहेबांना जनावर म्हणाले, नाव घेतलं नाही, माझंच चुकलं. तिन्हीसांजेला त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की ते येतं, असं इथे सगळेच मानतात. तिचं काही चुकलेलं नाही असं तुम्ही तिला लिहाल तर बरं. माझ्या लिहिण्यावर तिचा विश्वास नाही.

ओळख विसरू नये.

गिरिजा

(सोबतचं पत्र)

आंबेशेत, २ फेब्रुवारी २००२, भर दुपार

चि. सुजीत यास अनेक आशीर्वाद.

आज मुद्दाम ऊन असताना लिहायला बसलोय, म्हणजे नाव लिहिता येईल. ते जनावर बिबट्या नाही रे. साप आहे. घोणस. इथे दिवेलागणीनंतर सापाला जनावर म्हणतात. मी पत्र नेहमी त्याच वेळी लिहितो, तेव्हा तसंच लिहिलं गेलं. तू मुंबईत वाढलेला, तुला हे कुठून ठाऊक असणार. ती चूक माझी.

तुझं पहिलं मोठं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. गिरिजाबाईही हसल्या होत्या. त्याच दिवशी एक कार्ड टाकून सांगायला हवं होतं. कार्ड काढलंही होतं. पण मग मनात आलं की साप म्हटल्यावर तू लिहिशील, बूट पाठवतो, तब्येत सांभाळा. चार ओळी. बिबट्यामुळे तू मला पानंच्या पानं लिहीत होतास. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची जाड पाकिटं हातून गेली, माझ्या नावाचं एकही नव्हतं. तेव्हा म्हटलं, राहू दे बिबट्या थोडे दिवस. अर्ज मी भरलेला नाही. कोणत्या प्राण्यापासून धोका, या रकान्यात काय लिहू?

रागावू नकोस. आता मात्र काजूची बी गोळा करायचे दिवस आलेत, पाल्यात हात-पाय घालावेच लागणार, तेव्हा ते बूट

*

शारजा, २ एप्रिल २००२

सौ. गिरिजाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र ठकुबाईंना वाचून दाखवा, आणि दिवसा वाचा.

ठकुबाई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही बाबांना सांगितलंत आणि ते त्यांना बरोबर कळलं होतं. कळलं नाही ते मला. हमीदभाईंनी मला दोनदा विचारलं की जनावर कोणतं. ते बाबांना विचारायचं सोडून मी बंदुकीवर बंदुका निवडत बसलो. बूट चार महिने माझ्या गाडीत होते. परवा शुभ्राने डिकी उघडली आणि इंग्रजीतच विचारलं की हे अजून इथे का आहेत.

ते बूट आणि बॅटरी सोबतच्या पार्सलात आहेत. बूट तुम्हाला मोठे होतील, पुढे कापडाचा बोळा घाला, पण रोज घाला. पाल्यात अनवाणी जाऊ नका.

गिरिजाबाई, यापुढे मी दर पंधरवड्याला ठकुबाईंना पत्र लिहीन. त्याला काही कारण लागू नये असं ठरवलंय. आज इथे सकाळपासून वाळूचा वारा आहे, समोरची मशीद दिसत नाही. अस्मिताने वालाची उसळ केली होती, ती खारट झाली. शुभ्राचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय, आजोबांना पाठवू म्हणते. ते आता नाहीत हे तिला माहीत आहे, पण पत्र तरी जातं ना, असं ती म्हणते. हमीदभाईंनी सलाम सांगितलाय. आता दुपारचे तीन वाजलेत. अजून दोन पानं उरली आहेत, तीही भरतो.