गोळ्या आईच्या नावावर

३ नोव्हेंबर, रविवार

आईची औषधं आणली. साखरेची, ब्लडप्रेशरची आणि ती तिसरी. आमच्या इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीतला बासिल दर महिन्याला एकच वाक्य म्हणतो — "मुलगी असावी तर अशी, सिस्टर हियाम! तुमच्या आईनी, हज्जा फिद्दांनी, काहीतरी पुण्य केलं असणार." मी हसते, पिशवी घेते, सटकते. घरी आल्यावर पहिल्या दोन आईच्या डब्यात, तिसरी माझ्या कपाटात, मोज्यांखाली.

गोळ्या माझ्या, नाव आईचं. तीन वर्षं झाली.

साथीच्या त्या हिवाळ्यात आयसीयूत एका दिवसात सहा जणांच्या तोंडावर चादर ओढली. घरी येऊन जेवले, झोपले, काही झालं नाही. पंधरा दिवसांनी सुरू झालं. हात धुताना रडायचे, मसूर निवडताना रडायचे. चुलत बहिणीकडे जाते असं सांगून अम्मानला डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी गोळ्या लिहिल्या. पण घ्यायच्या कुठून? आमच्या करक गावात औषधाचं एक दुकान असं नाही, जिथे काउंटरमागे आमच्या नात्यातलं कुणी उभं नाही! इस्पितळातून घ्याव्यात तर माझी फाईल कॉम्प्युटरवर, कुणीही उघडावी नि वाचावी. शेवटी ओपीडीतल्या एका भल्या डॉक्टरांनी आईच्या फाईलवर लिहून दिल्या. म्हातारीला कोण विचारतंय! ते पुढे आखातात निघून गेले, गोळी फाईलवर राहिली.

आईला विचारलं होतं तेव्हा. शेंगा सोलत बसली होती. "लिही," म्हणाली. बस, तेवढंच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मेट्रनने बोलावलं. मेट्रन इतिमाद — सगळ्यांची उम्म लैथ, म्हणजे लैथची आई — हसली की समजावं, काहीतरी काम गळ्यात पडणार. पण आज खरंच चांगली बातमी. जानेवारीपासून आयसीयूची इन्चार्ज मी! कागद वर गेलाय.

"अकरा वर्षांत तुझी एक तक्रार नाही. डोकं थंड, हात स्थिर. मला अशीच बाई हवी."

आणि त्याच दमात शुरूकचा विषय. शुरूक आमच्याच बॅचची. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिला मानसोपचाराच्या ओपीडीतून बाहेर पडताना पाहिलं. आठवड्याभरात तिची बदली झाली. आता तळमजल्यावर कात्र्या-चिमटे धुऊन जंतू मारायच्या भट्टीत घालते. कुणी तिला काढून टाकलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. "तिच्याच भल्यासाठी हो," म्हणाली मेट्रन. "जिचं मन ठिकाणावर नाही तिच्या हातात सुया कशा द्यायच्या? आणि खरं सांगू? पाचही नमाज मनापासून करणाऱ्या बाईला असलं काही होत नाही."

मी मान डोलावली. पाचही नमाज करते मी! मान डोलावली आणि आले. आनंद व्हायला हवा होता. पाय तेवढे दुखतायत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कॅज्युअल्टीत माणसं कमी, मला तिकडे ढकललं. दुपारपर्यंत चाळीस पेशंट. एक बाई आली, छाती धडधडते, हातापायाला मुंग्या. गेल्या महिन्यातही आली होती, तेव्हाही काही निघालं नव्हतं. मी केसपेपरच्या कोपऱ्यात छोटा गोल काढला.

हा गोल कुणी सुरू केला कोण जाणे, मी नोकरीला लागले त्याच्याही आधीचा. गोल म्हणजे नाटक. गोल म्हणजे घाई नको, एक शांत करणारं इंजेक्शन द्या नि घरी पाठवा. पेशंटला कळत नाही, डॉक्टरला लगेच कळतं.

मी काढला! तिसरी गोळी घेऊन ड्यूटीवर आलेल्या मी! लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. आता लिहिताना वाटतेय.

९ नोव्हेंबर, शनिवार

ऑलिव्ह उतरवले. आवाद — माझा भाऊ, वरच्या मजल्यावर राहतो — शिडी धरून होता आणि आई त्याच्यावर ओरडत होती. "अरे, फांद्या मोडू नकोस, तुझ्या आजोबांनी लावलेलं झाड आहे, मुडद्या!" सहासष्ट वर्षांची बाई, ऐकतेय कुणाचं! संध्याकाळी म्हणाली, डावा हात भरून आलाय, जबडाही ठणकतोय. मी म्हटलं, दिवसभर हात वर करून ओरडल्यावर दुसरं काय होणार.

१० नोव्हेंबर, रविवार

आवादचा आयसीयूत फोन — आईला दरदरून घाम आला, उलटी झाली, कॅज्युअल्टीत आणलंय. माझा एक पेशंट व्हेंटिलेटरवर, सोडून कशी जाऊ? तासाभराने धावत खाली गेले तर आई नाही. घरी पाठवली. डॉ. मुहन्नद होते ड्यूटीवर, नवा पोरगा, वागायला चांगला. "काही नाही सिस्टर, ईसीजी ठीक आहे. नर्व्हज. फाईलवर आहेच ना त्यांचं औषध. इंजेक्शन दिलं, झोपतील छान."

फाईलवर आहेच ना!

केसपेपर मागवून पाहिला. कोपऱ्यात गोल.

मला माहीत आहे — साखर असलेल्या बायकांना हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखतंच असं नाही. जबडा, हात, उलटी, घाम. पहिला ईसीजी ठीक असला तरी काही तासांनी दुसरा काढायचा, रक्त पुन्हा तपासायचं. नव्या मुलींना मीच शिकवते हे! आणि मुहन्नदनेही केलं असतं, नक्की केलं असतं, जर ती गोळी नसती.

तिथेच बोलायला हवं होतं. मनाशी म्हटलं, ईसीजी ठीक आहे, ऑलिव्हचाच परिणाम असेल. घरी आले. आई झोपलीय. रंग मातीसारखा. नाडी मोजली, दोनदा.

आत्ता उचलून नेऊ शकते तिला. नेत नाहीये. काय सांगू तिथे?

११ नोव्हेंबर, सोमवार

सगळं नीट लिहून ठेवायचंय, उद्या मीच ते बदलून सांगीन म्हणून.

सकाळी आईला बाथरूमपर्यंत जाताना दम लागला. आवादने आणि मी गाडीत घातली. कॅज्युअल्टीत पुन्हा मुहन्नद, आणि राउंडवर आलेली मेट्रन शेजारीच. मी म्हटलं, रक्त पुन्हा तपासा, ईसीजी पुन्हा काढा. मुहन्नद समजुतीने हसला. "सिस्टर, स्वतःच्या आईच्या बाबतीत सगळ्यांचं असंच होतं. कालच पाहिलं ना मी? अशा किती म्हाताऱ्या हज्जा बघतो आपण रोज." मेट्रन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू बस जरा. तुझाच चेहरा उतरलाय."

आणि मी बसले! अर्धा तास बसले. आई स्ट्रेचरवर, कॉरिडॉरमध्ये, भिंतीला लागून. डोळे मिटलेले. आवाद मोबाईल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता. मी आयसीयूच्या इन्चार्जपदाचा विचार करत होते. खरंच. तळमजल्यावरच्या भट्टीचा. मामांचा, मावश्यांचा. आवादच्या सासूचा! आई मरतेय असं वाटत असताना मी आवादच्या सासूचा विचार करत होते.

मग आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाळा, माझ्या पाठीवर कुणीतरी बसलंय."

उठले. मुहन्नदसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "त्या गोळ्या आईच्या नाहीत. माझ्या आहेत. तीन वर्षं मी घेतेय. आईला नर्व्हजचं काही नाही. फाईल खोटी आहे."

एक नर्स हातातला ट्रे घेऊन तशीच उभी.

आणि बोललं कोण? आई! त्या दमात, त्या घामात, कोपरावर उठायला बघत — "खोटं बोलतेय ती! माझ्याच आहेत गोळ्या! डॉक्टर, माझ्या पोरीचं ऐकू नका, ती थकलीय!"

"आई, गप्प बस!"

"तू गप्प बस! माझ्याच आहेत म्हटलं ना!"

मुहन्नद एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग वाकून हळूच विचारलं, "हज्जा, गोळीचा रंग कसा आहे?"

"पांढरा," आई म्हणाली.

कॅप्सूल आहे ती. हिरवी आणि पिवळी.

मुहन्नद वळला आणि ओरडला — ईसीजी! रक्त! आत्ता! वीस मिनिटांत कळलं. हार्ट अटॅक, आणि तोही कालचा. मुहन्नदचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असणार. चूक त्याची, हो. पण त्याला फसवलं मी.

दुपारी अँब्युलन्समधून अम्मान. मी आईचा हात धरून. सबंध वाटेत माझ्याकडे बघितलं नाही तिने. एकदाच म्हणाली, "सगळ्यांसमोर कशाला बोललीस गं? निभावलं असतं मी."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोन स्टेंट घातले. शुद्धीवर आहे. देवा, तुझे उपकार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक दिवस आधी आणलं असतं तर हृदयाचा जो भाग गेला तो वाचला असता. आवादने विचारलं, म्हणजे किती गेला? त्यांनी आकडा सांगितला. तो आकडा मला इथे लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आवाद तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता. आज इस्पितळाच्या कँटीनमध्ये चहा पुढे सरकवून म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुझ्या बायकोला सांगितलं असतंस."

विचार केला त्याने. "हो, सांगितलं असतं," म्हणाला. निदान खरं बोलला. दोघंही हसलो, आणि मग मला रडू आलं. त्याने पेपर नॅपकिनचा अख्खा गठ्ठाच उचलून दिला. गाढव आहे, पण माझा आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर. आयसीयूत शिरले आणि बोलणी थांबली. अंगावर धावून कुणी येत नाही हो, तेच तर. सगळे अति गोड. "बस ना गं." "तू राहू दे, मी भरते इंजेक्शन." अकरा वर्षं मी भरतेय! एकीने तर माझ्या हातांकडेच पाहिलं, थरथरतात का म्हणून. तिला वाटलं मला दिसलं नाही.

मेट्रनने बोलावलं. यावेळी हसली नाही. इन्चार्जचा कागद परत मागवलाय. "तुझ्याच भल्यासाठी. थोडे महिने लसीकरणात बस, तिकडे ताण नाही." मी विचारलं, "आणि मी गेली तीन वर्षं जे काम केलं, ते तुम्ही पाहिलंत. त्यात कुठे चुकले?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

आले निघून.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लसीकरण. चोपन्न बाळं. सगळी रडली. कान बधीर झालेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

आई घरी. उंबरठ्यावरूनच आवादच्या बायकोला विचारलं, माझ्या झाडाचं तेल कुणी काढून आणलं आणि डबे झाकलेत का नीट. बरी होतेय म्हणायची.

रेकॉर्डच्या खोलीत जाऊन अर्ज दिला. आईच्या फाईलवरून औषध काढा, माझ्या फाईलवर चढवा. क्लार्कने तीनदा वाचला. "सिस्टर, नक्की? हे एकदा चढलं की पुसता येत नाही." म्हटलं, सगळ्या गावाला कळलंय, तुमच्या कॉम्प्युटरलाच काय ते कळायचं राहिलंय.

बासिलच्या खिडकीवर गेले. त्याने स्क्रीन पाहिली, पाकीट ठेवलं, आणि 'मुलगी असावी तर अशी' म्हणाला नाही. "नमस्कार सांगा हज्जांना," एवढंच. त्याचाही राग आला नाही मला. कशाचाच येत नाही सध्या, तेवढं बळच नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी आईला चहा दिला. म्हणाली, "काढल्यास का गं त्या गोळ्या माझ्या नावावरून?"

काढल्या म्हटलं. आता तुझ्या फाईलवर हृदय, साखर, ब्लडप्रेशर. बाकी काही नाही.

पेला खाली ठेवला तिने. मग म्हणाली, "आता माझ्यासाठी लिहायला सांग त्यांना. तुझे बाबा गेल्यापासून मला कशातच काही वाटत नाही, हियाम. माझ्या नावाने न्यायचीस ना तू, तेव्हा वाटायचं, आज नाही तर उद्या मलाही विचारशील."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.