सत्तावन्न पावत्यांवरची माझी सही

मी, डॉक्टर उकंडराव तुळशीराम खिल्लारे, वय ६९, मूळ गाव मेडशी, राहणार मालेगाव, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि शेजारी उभे राहून मला कोणी सांगत नाही. बायपासला आठ वर्षे झाली, म्हणून हे काम आता लांबवत नाही. एक मात्र आधीच नोंदवतो: गेल्या महिन्यात बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. तो कलम तीनमध्ये येईल.

१. मालेगावचे राहते घर, आतल्या सामानासह, माझी पत्नी बेबीताई हिला. बँकेतल्या ठेवीही तिच्याच. तिने मुलीकडे पुण्याला जाऊन राहावे असा आग्रह कोणी करू नये.

२. मेडशीचे अडीच एकर शेत मुलगी सपना हिला. सोयाबीन पेरायचे की तूर, हे तिचे तिने ठरवावे. मी दोन्हींत चुकत आलो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. आता मुद्द्याचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी जिल्ह्यातल्या एका खाजगी ट्रस्टच्या रुग्णालयात करारावर वैद्यकीय अधीक्षक झालो. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रत्नमाला सरकटे आणि सर्जन डॉ. प्रेमसिंग पवार यांना तिथे मीच बोलावून आणले. एकोणीस महिने आम्हा तिघांना पगार मिळाला नाही. दर वेळी पुढच्या महिन्याचा वायदा. पेशंट टाकून जाववेना म्हणून थांबलो. शेवटी करार घेऊन तिघांनी वाशीमला दिवाणी दावा लावला.

गेल्या महिन्याच्या तारखेला समोरच्या वकिलाने सत्तावन्न पावत्या दाखल केल्या. एकोणीस माझ्या, पगार रोख मिळाल्याच्या. उरलेल्या अडतीस त्या दोघांच्या नावाच्या, आणि त्यांवर लिहिलेले, 'यांच्या वतीने रक्कम स्वीकारली.' प्रत्येक पावतीखाली माझी सही. बनावट असती तर सुटलो असतो. पण ती माझीच होती, पहिल्या उकारापासून शेवटच्या रेघेपर्यंत. रत्नमाला मॅडमनी विचारले, "सर, हे काय हाय?" मी एकेक पावती उलटून बघत राहिलो. प्रेमसिंग उठून गेला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

उत्तर घरी आल्यावर सापडले. ओपीडीत रोज दीडशे-दोनशे पेशंट. डिस्चार्ज कार्डे, रेफर चिठ्ठ्या, विम्याचे फॉर्म असा गठ्ठा पत्त्यांसारखा सरकवायचा, प्रत्येक कागदाची फक्त सहीची खालची पट्टी उघडी ठेवायची, आणि डॉक्टरने पेशंटशी बोलता बोलता सह्या ओढत जायचे. वेळ वाचतो म्हणून ही पद्धत मीच बसवली होती. गठ्ठा धरायचा नरेंद्र, माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याला तिथे कारकुनाची नोकरी मीच लावून दिली होती.

त्या गठ्ठ्यात पावत्या कशा आल्या, हे त्याला घरी बोलावून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, मले वरून सांगतलं होतं. ऑडिटपुरतं हाय म्हने. मले काय मालूम हे कोर्टात नेतीन?"

बेबीताई आतून म्हणाली, "त्याले काय इचारता? तुमी काहून नाही वाचलं? किराण्याची यादी तं तीनदा वाचता!"

तिचे म्हणणे खरे आहे. मला माझी लाज वाटते, आणि हे मी लेखी देत आहे.

४. माझ्यामागे दावा सपनाने वारस म्हणून चालवावा. ट्रस्टने निम्म्या रकमेची तडजोड देऊ केली आहे. पण मसुद्यात 'पूर्वी मिळालेली रक्कम वजा जाता' असे शब्द आहेत. ते मान्य केले तर मी सोबत्यांचा पगार खाल्ला, हे कायमचे ठरेल. म्हणून तडजोड करू नये, सगळे पैसे बुडाले तरी चालतील. माझ्या पगारापैकी जे वसूल होईल, त्यातून आधी डॉ. रत्नमाला आणि डॉ. प्रेमसिंग यांचे माझ्या सहीमुळे जेवढे बुडेल तेवढे भरून द्यावे. उरले तर बेबीताईचे.

५. नरेंद्रला काही नाही. माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आला तर हाकलू नये, जेवू घालावे. मात्र त्याने आणलेल्या कागदावर घरातल्या कोणीही सही करू नये, मग ती गॅस सिलिंडरची पावती का असेना.

६. माझे पाऱ्याचे बी.पी. मशीन प्रेमसिंगला. ते कुरिअरने पाठवू नये. सपनाने स्वतः नेऊन द्यावे आणि त्याच्याकडे चहा घेतल्याशिवाय उठू नये.

दुरुस्ती: मृत्युपत्राला बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडतात. रत्नमाला मॅडमना विचारायला मी धजत नव्हतो. बेबीताईने परस्पर फोन केला आणि त्या आज आल्या. आमचे वकील म्हणाले, ज्यांना यातून काही मिळणार त्यांनी दाखला देऊ नये, उद्या समोरचे त्यावर बोट ठेवतील. मॅडमनी पेन मागितला. "मंग माहं नाव काढा त्या कलमातून. दाखला मीच देईन." मी नको नको म्हणत असताना त्यांनी कलम चारमधले आपले नाव खोडले. ही खोडाखोड मला मान्य करावी लागली. बाजूला माझी सही आहे.

ठिकाण: मालेगाव, जिल्हा वाशीम
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

(सही) उकंडराव तुळशीराम खिल्लारे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:
१. रामकिसन लठाड, औषध दुकानदार, मालेगाव (सही)
२. लालसिंग आडे, निवृत्त एसटी कंडक्टर, मेडशी (सही)

वैद्यकीय दाखला

डॉ. उकंडराव खिल्लारे यांना मी आज तपासले. ते पूर्ण शुद्धीवर असून आपण काय लिहिले हे त्यांना नीट कळते. रक्तदाब वाढलेला आहे. वरील मृत्युपत्र मी पहिल्या ओळीपासून दोनदा वाचले. त्या एकोणीस महिन्यांत त्यांनी माझ्या नावाचा एक रुपयाही घेतलेला नाही, हेही मी याच सहीने प्रमाणित करते.

(सही) डॉ. रत्नमाला सरकटे